मुळशीची माडी

'लेकसाइड कॅम्पिंग' हा शब्द आता मराठीच झाला असं धरून चालायला हरकत नाही. पौड रस्त्याने पिरंगुट ओलांडलं की पाट्या सुरू होतात. तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, कयाकिंग, पहाटेचा ट्रेक. पाटीवर निळंशार पाणी, मागे डोंगर, आणि खाली ठरलेली ओळ, 'निसर्गाच्या कुशीत'. डोंगर निसर्गाचे हे खरं. पाणी मात्र निसर्गाने तिथे आणून ठेवलेलं नाही. मुळशीचं ते तळं जेमतेम शंभर वर्षांचं आहे, म्हणजे साधारण माझ्या आईच्या वयाचं.

मुळशीबद्दल लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. एक तर विषय मोठा. दुसरं म्हणजे त्यात आपल्या घरचाही एक धागा गुंतलेला आहे. ब्लॉगवाल्या मित्रांबरोबर नातेवाईक मंडळीही इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या काहींना पुढचं थोडं टोचेल. तरी लिहितो.

आधी थोडा भूगोल. (मास्तरकी सुटत नाही, सांभाळून घ्या.) सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणारा पाऊस उताराप्रमाणे पूर्वेला वाहतो. नीला आणि मुळा या दोन नद्या ताम्हिणीच्या बाजूच्या डोंगरांतून येतात. मुळा पुढे पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे कोकणच्या कड्यावर पडलेला थेंब अरबी समुद्राच्या इतका जवळ असूनही सगळं दख्खन ओलांडून दुसऱ्या समुद्राला जायचा. पश्चिमेला मात्र तोच डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण लागतं. वर पाणी, खाली पाचशेएक मीटरचा कडा. हे पाणी पूर्वेला जाऊ न देता अडवलं, डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि नळातून खाली सोडलं, तर त्याच्या जोरावर चाकं फिरतील, वीज तयार होईल आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाविना चालतील. मुंबईजवळ कोळसा नाही. तो लांबून, बंगालकडून आणावा लागायचा आणि महाग पडायचा.

ही कल्पना जमशेदजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ साली गेले, पण त्यांच्या मुलाने, दोराबजींनी, ती तडीस नेली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून वीज मुंबईला गेली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही तळी त्याच योजनेतली. लोणावळ्याला चिक्की खात आपण जे पाणी बघतो, ते त्यातलंच. दुसरी योजना आंध्रा खोऱ्यातली. तिचं वीजघर १९२२ साली भिवपुरीला सुरू झालं. तिसरी मुळशीची, आणि तिचं वीजघर खाली कोकणात भिऱ्याला, १९२७ साली. आधीच्या योजनांतही जमिनी गेल्या, पण लोकांनी उघड उठाव केला तो मुळशीला.

आता आमच्या सहलीबद्दल. गेल्या डिसेंबरात लेक, जावई आणि नातू यांनी मला जवळजवळ उचलूनच नेलं. 'बाबा, खुर्ची मिळेल, गादी मिळेल, संडासही पक्का आहे' एवढी आश्वासनं दिल्यावर मी तयार झालो. तळ्याच्या एका फाट्याच्या कडेला भाताचं जुनं खाचर सपाट करून आठ-दहा तंबू लावले होते. जागा एका स्थानिक कुटुंबाची. म्हातारबुवा माझ्याच वयाचे. मी शाळामास्तर होतो हे कळल्यावर 'गुरुजी' म्हणू लागले, मी त्यांना मामा म्हणू लागलो, आणि आमचं जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी कैलासगडावर गेली. गड छोटा आहे. मी खिंडीपर्यंत गेलो आणि तिथल्या दगडावर बसून राहिलो. गुडघ्यांनी त्यापुढचा ठराव नामंजूर केला. वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे आणि महादेव आहे, असं नातवाने खाली येऊन सांगितलं. पण मला जे बघायचं होतं ते खिंडीतूनही दिसत होतं. धुकं विरत गेलं तसं तळं उलगडत गेलं. त्याचा आकार बघा कधी. लोणारसारखं गोल नाही ते. एखाद्या झाडाच्या पानासारखं आहे, मधे शीर आणि दोन्ही बाजूंना फाटे. हा फाटा म्हणजे एक ओढा, तो फाटा म्हणजे दुसरा. दोन डोंगरसोंडांच्या मधे जिथे जिथे पाणी शिरलं आहे, तिथे तिथे पूर्वी ओढ्याकाठी खाचरं होती आणि खाचरांच्या वर वाडी होती. इतिहासाच्या मास्तराने वाचावा असा नकाशाच तो.

दुपारी कयाक. ही एक लांबट प्लास्टिकची होडी, दोघांनी मागेपुढे बसायचं, वल्हं एकच पण दोन्ही टोकांना पातं. लाईफ जॅकेट घालून मला नातवाच्या पुढे बसवलं. माझ्या हाती वल्हं दिलं ते केवळ मान राखायला, जोर सगळा त्याचा. काठापासून शे-दीडशे हात गेल्यावर त्याने थांबवलं. पाण्याला आवाजच नव्हता. कुठे एखादा पाणकावळा बुडी मारायचा तेवढंच.

परत आलो तेव्हा मामा काठावर उभे होते. म्हणाले, "गुरुजी, तुमी जिथं थांबला हुता ना, तिथं आमच्या आज्याची खाचरं हायेत." 'होती' म्हणाले नाहीत, 'हायेत' म्हणाले. मग हाताने दाखवत गेले. इथून बैलगाडीची वाट उतरायची, तिथे आंब्याचं झाड, पलीकडे देऊळ. त्यांनी यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं असणं शक्य नाही. त्यांचा जन्म धरणानंतर वीसेक वर्षांनी झालेला. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी फार खाली गेलं की कुठे कुठे घरांची जोती उघडी पडतात, म्हणाले, त्यावरून वडलांनी ओळख करून दिली. "आमच्याकडं लाईट आली तवा मी शाळा सोडून चार वर्षं झालती. तवर हितलं पाणी तिकडं ममईला दिवं लावतंय, एवढंच आईकलेलं."

संध्याकाळी शेकोटीपाशी नातवाने विचारलं, "आजोबा, मग तेव्हा कोणी काही बोललं नाही का?" बाजूच्या तंबूतल्या मुलांची गाणी चालली होती, त्यामुळे त्याला सगळं नीट सांगता आलं नाही. ते इथे सांगतो.

तेव्हा मुळशी हा तालुका नव्हता, पेटा होता. पेटा म्हणजे तालुक्याचा पोटभाग. म्हणून जुन्या लिखाणात 'मुळशी पेटा' असंच येतं. या पेट्यातली पन्नासहून अधिक गावं धरणाच्या योजनेत येत होती, आणि माणसं सुमारे दहा-अकरा हजार. आंबेमोहोर तांदळाचा हा मुलूख. (मावळ-मुळशीच्या आंबेमोहोराला आता भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.) जमीन घ्यायची ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. 'सार्वजनिक हित' असं कारण दिलं की सरकार खाजगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होतं. त्यात शेतकऱ्याने हो म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. हरकत घ्यायची ती किमतीबद्दल.

१९२० च्या सुमारास कंपनीची माणसं शेतात चर खणू लागली. नीट नोटीस नाही, विचारणं नाही. एका शेतकऱ्याने अडवलं तर गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, अशी नोंद या लढ्याच्या इतिहासात आहे. बातमी पुण्याला पोचली. सभा झाल्या, ठराव झाले. आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. मारहाण झाली, अंगावर पाणी सोडलं तरी उठले नाहीत. बायकाही होत्या, पोरंबाळं घेऊन. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. या पहिल्या हल्ल्याचा परिणाम असा झाला की कंपनीने काही महिने काम थांबवायचं मान्य केलं.

तारखेकडे लक्ष द्या. चंपारण १९१७ साली, खेडा १९१८ साली, मुळशी १९२१ साली. बार्डोली, जिच्यावर आमच्या इतिहासाच्या पुस्तकात पानंच्या पानं असायची, ती १९२८ साली. मुळशीला त्याच पुस्तकांत एक ओळ मिळायची, तीही सेनापती बापटांच्या चरित्रात. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर २००९ साली इंग्रजीत जो ग्रंथ काढला, त्याच्या नावातच हा धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा आहे असं म्हटलं आहे. आपल्याकडे नर्मदेचं नाव घेतात तेव्हा त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी पुण्याहून चाळीसेक किलोमीटरवर हे घडून गेलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता बापटांविषयी, कारण हा माणूस समजून घेतल्याशिवाय मुळशी समजत नाही. पांडुरंग महादेव बापट. जन्म १८८० सालचा, पारनेरचा. हुशार, म्हणून शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकले आणि ती घेऊन १९०८ साली परतले. पुढे अज्ञातवास, अटक, सुटका. मग पुण्यात 'मराठा' पत्रात काम, आणि त्याचबरोबर हातात झाडू घेऊन रस्ते, शौचकूप झाडणं. असा माणूस मुळशीला आला आणि तिथल्या लोकांनी त्यांना 'सेनापती' केलं. ती पदवी कुठल्या सभेने शाल-श्रीफळ देऊन दिलेली नाही, ती मुळशीची आहे.

विनायकराव भुस्कुटे दुसरे. त्यांनी हा लढा आतून पाहिला, तुरुंग भोगला, आणि पुढे 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं. शंकरराव देवही त्यात होते.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झालं, सत्याग्रहही पुन्हा. पण आता वारा फिरला होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी असहकार मागे घेतला, मार्चमध्ये ते स्वतः तुरुंगात गेले. देशभर सामसूम झाली. मुळशीचे सत्याग्रही एकेक करून तुरुंगात जात होते, बाहेर धरणाची भिंत दगडादगडाने वर येत होती. शेतकरी दमले. ज्याच्या खाचरात चर खणून झाला आहे त्याने पेरायचं काय? एकेक जण मोबदला घेऊ लागला.

बापटांना ते सहन झालं नाही. गांधीजींची अहिंसा त्यांनी कधीच पूर्ण स्वीकारली नव्हती. त्यांचा स्वतःचा 'शुद्ध सत्याग्रह' होता. त्यात यंत्र मोडणं बसत होतं, अगदी शेवटी हत्यारही बसत होतं, फक्त करून पळून जायचं नाही, शिक्षा भोगायची. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या सोबत्यांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. हातात शस्त्र होतं. सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९३१ साली ते सुटले. तोवर भिऱ्याला वीज सुरू होऊन चार वर्षं झाली होती.

इथवरची कहाणी कुठल्याही स्मारकग्रंथात शोभेल. पण अर्धी राहते. उरलेली अर्धी पुण्याच्या पेठांत आहे.

मुळशी पेट्यातली बरीच जमीन कागदावर गहाण होती. कसणारा मावळा, आणि गहाणखत पुण्यातल्या सावकाराच्या पेटीत. हे सावकार, खोत, जमीनदार बहुतेक आपल्यासारखे पांढरपेशे. लढा सुरू झाला तेव्हा पुण्याच्या सभांतून तेही हजर होते, कारण सुरुवातीला त्यांनाही जमीन जाण्याची भीती होती. पण हळूहळू हिशेब उमगला. मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला जमिनीशी काय करायचं होतं? त्याला मुद्दल आणि व्याज हवं होतं, आणि ते एकरकमी, सरकारमार्फत, वसुलीची कटकट न करता मिळणार होतं. गहाण जमिनीचा मोबदला आला की त्यातून आधी कर्ज फिटणार, उरलं तर मालकाला. म्हणून 'जमीन देणार नाही' ही मागणी पुढे 'मोबदला वाढवून द्या' अशी होत गेली. लढा आतून कुठे चिरला ते व्होरांनी फार तपशिलाने दाखवलं आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. नुसत्या पोलिसांनी तो मोडला असता असं मला वाटत नाही.

आता आपल्या घरचा धागा. माझ्या आजोळचा पुण्यातला वाडा तुमच्यापैकी काही जणांनी पाहिलेला आहे. तो १९९० नंतर पाडला, आता तिथे सहा मजली इमारत उभी आहे. वाड्याच्या मागच्या बाजूला विहिरीवर एक माडी होती, शिसवी कठड्याची. तिला घरात 'मुळशीची माडी' म्हणत. आम्हा भाचरांना सुट्टीत तिथे झोपायला धाडायचे. मुळशीची का, हे कोणी सांगत नसे. मला वाटायचं, कोणी मुळशीकर भाडेकरू होऊन गेले असतील.

आईने सांगितलं ते फार उशिरा, माझ्या निवृत्तीच्या सुमारास. तिचे आजोबा सावकारी करत. त्यांची मुळशी पेट्यात बारा-पंधरा खाती गहाण होती. तिच्या जन्माच्या आधी दर पौषात व्याजापोटी आंबेमोहोराची पोती यायची, बैलगाडीने, आणि मागच्या दाराने आत घ्यायची. मग एक वर्ष पोती आली नाहीत, पैसे आले. त्या पैशातून माडी झाली. आईने हे ऐकलं ते तिच्या आजीकडून. आजी म्हणे त्या माडीवर कधी चढली नाही. का, ते आईलाही माहीत नव्हतं. गुडघेही असू शकतील. मी त्यात उगाच अर्थ भरत नाही.

माझ्या मामेभावंडांचं म्हणणं मला माहीत आहे, फोनवर झालंय आमचं. 'त्यांनी काही चोरी केली का? कर्ज दिलं होतं, कर्ज परत घेतलं. कायद्याने घेतलं.' बरोबर आहे. कायद्याने टाटांनीही जमीन घेतली आणि कायद्यानेच बापट तुरुंगात गेले. पणजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला जमणार नाही, तो माणूस मी पाहिलेलाही नाही. पण घरात दोनच गोष्टी पुढे चालत आल्या. एक, आपल्या घरातले लोक टिळकांच्या बाजूचे, देशभक्त. दोन, मुळशीची माडी. या दोन्ही एकाच वेळच्या आहेत एवढं आपल्या मुलांना ठाऊक असावं. मामांच्या घरी त्यांच्या आज्याच्या खाचराची खूण चार पिढ्या सांभाळलेली आहे. आपल्याकडे त्याच खाचराचं नाव माडीला होतं आणि तेही विसरलं गेलं.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर बाळबोध होईल. मुंबईला वीज नको होती का? हवीच होती. गिरण्यांचा धूर कमी झाला, लाखो हातांना काम मिळालं. त्यात मावळातून, घाटावरून गेलेलेही होते. पाण्यापासून वीज करणारे हे सगळे भांडवलदार हिंदी होते, विलायती नव्हते, याचाही तेव्हाच्या पुढाऱ्यांना अभिमान होता आणि त्यामुळेच विरोध करताना त्यांची जीभ अडखळत होती. भिऱ्याचं वीजघर आजही चालू आहे, जुनं दीडशे मेगावॅटचं, आणि नंतर तिथेच पाणी उलटं वर चढवून साठवण्याची आणखी दीडशेची सोय झाली. शंभर वर्षं धूर न काढता चाललेलं यंत्र म्हणजे साधी गोष्ट नाही, आणि ती करणाऱ्यांचं कौतुक मी वर्गातही करत असे. माझा आक्षेप एवढाच की 'सार्वजनिक हित' या शब्दांतली 'जनता' मुंबईत राहत होती आणि मोजणी मात्र मुळशीत झाली. हटवलेली गावं तळ्याच्या कडेने डोंगरावर सरकली. खाली सुपीक खाचर, वर वरकस जमीन, नाचणी-वरीची. तिथे पुढची कित्येक दशकं रस्ता, वीज, गावठाण यांसाठी अर्ज करत राहिली. १८९४ चा तो कायदा जाऊन नवा कायदा आला तो २०१३ साली, अंमल १ जानेवारी २०१४ पासून. त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधितांची संमती लागते. मुळशीनंतर ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांनी.

आणि पाण्याची गंमत बघा. (गंमत म्हणायची पद्धत म्हणून.) जे पाणी भीमेतून सोलापूरकडे जायचं ते भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. नदीची दिशाच माणसाने फिरवली. भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की हे पाणी पुन्हा पूर्वेला वळवा अशी मागणी उठते, गेल्या काही वर्षांत ती पुष्कळदा उठली. तिकडे खाली कोलाडला, सकाळी वरून पाणी सुटलं की कुंडलिकेला फेसाळता प्रवाह येतो आणि हौशी मंडळी रबरी तराफ्यांतून राफ्टिंग करतात. माझा नातू ते आधीच करून आला होता. उन्हाळ्यातही नदीला एवढं पाणी कसं, असा प्रश्न त्याला पडला होता, त्याचं उत्तर त्याला मुळशीला मिळालं. म्हणजे वर वल्हवलं तेही मुळशीचं पाणी आणि खाली वल्हवलं तेही.

मुळशीचं नाव आता नव्या पिढीला माहीत आहे ते २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' सिनेमामुळे. त्यातही जमीनच जाते, फक्त या खेपेला विकून जाते. मामांना मी विचारलं, तुमची ही तंबूंची जागा कोणी मागत नाही का? हसले. म्हणाले, "रोज मागत्यात. पोरगं म्हनतं, देऊन टाकू, फ्लॅट घिऊ. मी म्हनतो, मी हाय तवर तंबूच लाव." पोरगा तिथेच होता, कयाक पुसत. काही बोलला नाही. त्याला दोन मुली आहेत, दोघी पौडला शाळेत जातात, आणि त्याचा हिशेब त्याच्या बाजूने खराच आहे.

सेनापती बापट १९६७ साली गेले. त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या लढ्यातही ते होते. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, मुंबईतही आहे. मुंबईतला रस्ता माहीमहून दादर, परळकडे रुळांच्या कडेकडेने जातो. एके काळी त्याच्या आसपास गिरण्यांची रांग होती, मुळशीच्या आणि खोपोलीच्या विजेवर चालणाऱ्या. आगगाडी अडवणाऱ्या माणसाचं नाव रेल्वेलगतच्या रस्त्याला कोणी मुद्दाम दिलं असेल असं वाटत नाही. त्या रस्त्याचं जुनं नाव तुळशी पाईप रोड, कारण तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारा नळ तिथून गेलेला. अजून कित्येक टॅक्सीवाले तेच नाव वापरतात.

आता एक काम सांगतो. आजोळचा वाडा पाडताना कागदांची एक पत्र्याची पेटी निघाली होती, ती कोणाकडे गेली ते मला कळलेलं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रद्दीत घालू नये. गहाणखतं मोडीत असतील, मला मोडी वाचता येते, सवडीने लावून देईन. नातेवाईकांखेरीज इतर वाचकांच्या घरीही, विशेषतः पेठांतून कोथरूडला आलेल्यांच्या घरी, मुळशी पेट्यातल्या गावांची नावं असलेले असे कागद निघू शकतात. गावाचं नाव आणि खातेदाराचं नाव एवढं जरी कळवलंत तरी पुरे. मामांनी मला त्यांच्या आज्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं आहे, आणि ते आधी कुठल्या कागदावर सापडतं का ते मला बघायचं आहे.